सूट, घडणावळ आणि हप्ता : आधी विचारा, टक्के कशावर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सेलमध्ये '५०+२० टक्के सूट' लिहिलेला तीन हजारांचा ड्रेस तुमच्या हिशेबाने ९०० रुपयांना मिळायला हवा होता, बिल आलं १,२६० चं. सराफाने घडणावळीवर ५० टक्के सूट दिली, तरी एकूण बिलात फारसा फरक दिसला नाही. आणि दुचाकीसाठी लाखभर कर्ज घ्यायचंय. शोरूममधला माणूस १० टक्के व्याज सांगतोय, बँक १२ टक्के सांगतेय, पण हप्ता बँकेचाच कमी बसतोय. शेवटी तुम्ही लिहिलंय, 'शाळेत टक्केवारीत पैकीच्या पैकी मिळायचे, मग दुकानात डोकं का चालत नाही? एखादं सूत्र असेल तर सांगा.'

सूत्र तुम्हाला येतंच. शाळेत '८०० चे १५ टक्के काढा' असं विचारतात. ८०० हा आकडा प्रश्नातच दिलेला असतो. दुकानात नुसतं '१५ टक्के' सांगतात आणि ते कशाचे, हे आपण मनानेच धरून चालतो. मी सांगलीत छोट्या दुकानांचे हिशेब बघते आणि जीएसटीची विवरणपत्रं भरते. कापडाची दुकानं, किराणा, भांडीवाले, एक सराफी पेढी, असे माझे लोक. काउंटरवर बिलावरून जे वाद होतात त्यात गुणाकार चुकल्याचं मी क्वचितच पाहिलंय. दुकानदाराने टक्के एका रकमेवर काढलेले असतात, गिऱ्हाइकाने दुसऱ्या रकमेवर. दोघांचंही गणित बरोबर असतं आणि उत्तरं वेगळी येतात. तुमच्या तिन्ही गोष्टींत हेच झालंय, म्हणून तिन्ही एकेक करून उलगडते.

ड्रेसपासून सुरू करू. ५० आणि २० ची बेरीज करून तुम्ही ७० केलेत. पण दुसरी २० टक्के सूट तीन हजारांवर नाहीये. पहिल्या सुटीनंतर उरलेल्या दीड हजारांवर आहे. दीड हजाराचे २० टक्के म्हणजे ३००, म्हणून किंमत १,२००. एकूण सूट ६० टक्के. अशा जोडसुटींसाठी माझी पद्धत सरळ आहे : सूट किती मिळाली हे बघायचंच नाही, रुपयातले किती पैसे खिशातून जाणार तेवढं बघायचं. ५० टक्के सूट म्हणजे रुपयाला ५० पैसे जातात. त्यावर २० टक्के सूट, म्हणजे त्या ५० पैशांचे ८० टक्के, ४० पैसे. तीन हजार गुणिले ४० पैसे, १,२००. झालं.

ही पद्धत कुठे उपयोगी पडते बघा. एका दुकानावर '५०+४०' लिहिलंय, शेजारच्यावर '७०+१०'. बेरीज करणारा माणूस पहिल्या दुकानात शिरेल, कारण ९० हा आकडा ८० पेक्षा मोठा. प्रत्यक्षात पहिल्याकडे रुपयाला ३० पैसे जातात (५० चे ६० टक्के) आणि दुसऱ्याकडे २७ पैसे (३० चे ९० टक्के). स्वस्त दुसरा आहे. बरं, कोणती सूट आधी आणि कोणती नंतर, याने काही बिघडत नाही. आधी २० आणि मग ५० लावली तरी ४० पैसेच राहतात. कारण हा गुणाकार आहे.

'दोनावर एक मोफत' म्हणजे तीन वस्तू दोनांच्या किमतीत, सूट ३३ टक्के आणि वर थोडी. 'एकावर एक' म्हणजे ५०. 'त्याच किमतीत ५० टक्के जास्त' असं बिस्किटाच्या पुड्यावर असतं ती मात्र ५० टक्के सूट नाही. १०० ग्रॅमच्या पैशात १५० ग्रॅम मिळाले, म्हणजे ग्रॅममागे किंमत एक तृतीयांशाने उतरली. उलट बाजूने, पुडा १०० ग्रॅमचा ८५ ग्रॅम झाला आणि किंमत तीच राहिली तर माल १५ टक्के कमी झाला, पण ग्रॅममागची किंमत १७.६ टक्के वाढली. पाकिटावर हल्ली ग्रॅममागे किती रुपये हेही छापलेलं असतं. तोच आकडा बघा, बाकी रंगीत अक्षरं वाचू नका.

आता वरचे ६० रुपये. १,२०० वर ५ टक्के जीएसटी लावून १,२६० केलेत हे उघड आहे. आकडेमोड बरोबर, पण लावायला हवे होते का? इथे परिस्थितीवर अवलंबून आहे. ड्रेसच्या लेबलवर 'एमआरपी ३,०००, सर्व करांसह' असं छापलेलं असेल, आणि तयार पॅकबंद मालावर ते छापणं बंधनकारकच आहे, तर त्या तीन हजारांत कर आधीच धरलेला आहे. त्यावर सूट दिल्यावर जी रक्कम उरते तिच्यातही कर आहेच, पुन्हा वरून लावायचा प्रश्न येत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जीएसटी येण्याच्या थोडं आधी, २०१७ च्या सुरुवातीलाच, व्हॅटच्या (जीएसटीआधीच्या विक्रीकराच्या) एका प्रकरणात सूट दिलेल्या मालावर वेगळा कर आकारणं दिशाभूल करणारं ठरवलं होतं. 'सुटीच्या मालावर कर वेगळा' असं बारीक अक्षरात लिहून ठेवणारी दुकानं तरीही दिसतात. ड्रेस पिशवीत जाण्याआधी, पैसे देण्याआधी, शांतपणे लेबल दाखवून विचारा. माझा अनुभव असा की मालकापर्यंत गोष्ट गेली की कर बहुधा काढला जातो.

पण तुम्ही मीटरवर कापड घेतलं असेल आणि दुकानदाराने भाव सांगतानाच 'अधिक कर' म्हटलं असेल, तर वरून लावलेला जीएसटी रास्तच आहे. आणि बिलाच्या माथ्यावर दुकान 'कंपोझिशन' योजनेत, म्हणजे छोट्या दुकानदारांसाठीच्या सोप्या कर योजनेत, असल्याचं छापलेलं असेल, तर त्या दुकानदाराला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही. त्याने तो आपल्या उलाढालीतून भरायचा असतो. ही ओळ वाचायची सवय फार कमी लोकांना आहे.

किमतीत धरलेला कर बाहेर काढताना माझ्याकडे शिकायला येणारी बहुतेक मुलं अडखळतात. समजा मिक्सर १,१८० रुपयांचा, १८ टक्के जीएसटीसह. कर किती? मुलं ११८० चे १८ टक्के काढून २१२ रुपये ४० पैसे सांगतात. पण १८ टक्के हे करापूर्वीच्या किमतीवर आहेत, आणि ती किंमत १,००० आहे. १,००० अधिक १८०. म्हणजे करासहित किमतीला १.१८ ने भागायचं, गुणायचं नाही. तुमचा ड्रेस करासहित १,२०० चा असेल तर १.०५ ने भागा : १,१४२ रुपये ८६ पैसे मूळ, ५७ रुपये १४ पैसे कर, त्यातला निम्मा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा. बिलावर दोन ओळी दिसतात म्हणून कर दोनदा घेतला असं नाही.

कपड्यांच्या बाबतीत एक गंमत सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून नग २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्याच्या वर गेला की १८ टक्के, असा नियम आहे. हा १८ टक्के फक्त वरच्या रुपयांवर नसतो, सगळ्या किमतीवर असतो. करापूर्वी २,५०० चा शर्ट बिलात २,६२५ ला पडतो आणि २,५०१ चा शर्ट २,९५१ ला. किंमत रुपयाने वाढली, बिल सव्वातीनशेने. आयकरात असं होत नाही, तिथे वरच्या टप्प्याचा दर वरच्या टप्प्यातल्या उत्पन्नालाच लागतो. पण 'पगार वाढला की सगळ्यावर जास्त कर' असं समजून घाबरणारे लोक मला भेटतात. ते शर्टाचा नियम पगाराला लावत असतात.

सूट आधी की कर आधी, हाही नेहमी येणारा प्रश्न. दोन्ही टक्क्यांत असतील तर काही फरक पडत नाही. २,००० ची वस्तू, २० टक्के सूट, १८ टक्के कर : कसंही करा, १,८८८ च येतात. सूट रुपयांत असेल तर मात्र पडतो. २०० रुपये करापूर्वी वजा झाले तर त्या २०० वरचे ३६ रुपये करही वाचतात, तुमचा फायदा २३६. बिलाच्या तळाशी, कर लावून झाल्यावर वजा केले तर फक्त २००. दुकानदाराला विनंती करायचीच तर ती वरच्या ओळीत वजा करायची करा.

बँकेच्या कार्डावर '१० टक्के सूट' असते तिच्या खाली 'कमाल १,५०० रुपये' असंही असतं. ४०,००० च्या टीव्हीवर ती सूट ३.७५ टक्केच झाली. मर्यादा जिथे असते तिथे टक्के विसरून जा आणि रुपयेच मोजा. तसंच कॅशबॅक. १,००० दिले आणि २०० पुढच्या खरेदीसाठी मिळाले, तर १,००० रुपयांत १,२०० चा माल आला, ही २० नव्हे, १६.७ टक्के सूट आहे. आणि तीही त्या दुकानात पुन्हा गेलात तरच.

इथे जरा दुकानदाराच्या बाजूनेही सांगते, कारण 'अर्ध्या किमतीत देऊन याला परवडतं कसं' हा प्रश्न तुम्ही विचारला नसला तरी मनात असणार. समजा कपडा त्याला १,००० ला पडला. त्याने त्यावर दुप्पट चढवून किंमत २,००० छापून घेतली. आता ४० टक्के सूट दिली तरी १,२०० येतात. खरेदीवर त्याला २० टक्के सुटले. हेच २०० रुपये विक्रीवर मोजले तर १६.७ टक्के. व्यापारात 'खरेदीवर किती' आणि 'विक्रीवर किती' हे वेगळं विचारतात ते यासाठीच. नवीन दुकान टाकणारे इथेच अडकतात. ८० ला पडलेल्या वस्तूवर २५ टक्के चढवून १०० ला लावतात, आणि पाडव्याला '२५ टक्के सूट' लिहून ७५ ला विकतात. त्यांना वाटतं जेवढं चढवलं तेवढंच उतरवलं. नगामागे पाच रुपये खिशातून जातात. २५ टक्के चढवलं असेल तर मुद्दलावर परत यायला २० टक्केच उतरवायचे असतात, कारण उतरताना शंभर मोठे झालेले असतात. शेअर किंवा म्युच्युअल फंड बघणाऱ्यांनी हेच उलटं लक्षात ठेवावं : ५० टक्के पडलेलं परत जागेवर यायला १०० टक्के चढावं लागतं.

तोंडी हिशेबाबद्दल दोन शब्द. फोन खिशात असतो, पण दुकानदार बोलत असताना फोन काढायचा संकोच वाटतो, म्हणून हे जमलेलं बरं. १० टक्के म्हणजे एक शून्य कमी, ५ टक्के त्याचं निम्मं, १ टक्का म्हणजे दोन शून्यं कमी. १८ टक्के हवे असतील तर २० टक्के काढून २ टक्के वजा करा : १,३५० चे २० टक्के २७०, वजा २७, म्हणजे २४३. आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असायची, त्यांना २५, ५० आणि ७५ टक्के वेगळे शिकावेच लागले नाहीत. आणि एक युक्ती मला फार आवडते : टक्के आणि रक्कम यांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच येतं. ५० रुपयांचे १८ टक्के काढायला जड वाटतात? १८ चे ५० टक्के काढा, ९. २५ रुपयांचे ३६ टक्के? ३६ चा पाव, ९.

आता सोनं. तुमची तक्रार इथे सगळ्यात मोठी आहे आणि खरं तर सराफाने तुम्हाला चुकीचं काहीच सांगितलेलं नाही. हिशेब सोपा जावा म्हणून धरू की २२ कॅरेटचा भाव १० ग्रॅमला १ लाख आहे आणि तुम्ही १० ग्रॅमची साखळी घेतलीत. घडणावळ १२ टक्के, म्हणजे १२,०००. बेरीज १,१२,०००. तयार दागिन्याच्या बिलात जीएसटी ३ टक्के लागतो तो या पूर्ण बेरजेवर : ३,३६०. एकूण १,१५,३६०. आता घडणावळीवर ५० टक्के सूट. ६,००० गेले, त्यावरचा १८० कर गेला. बिल १,०९,१८०. तुम्हाला ६,१८० रुपये वाचले, आणि ते पूर्ण बिलाच्या ५.४ टक्के आहेत. पाटीवरचे '५०' खरे आहेत, पण ते बिलातल्या एका लहान तुकड्यावर आहेत.

म्हणून सराफाकडे सूट किती हे विचारण्याआधी चार गोष्टी विचारा. सांगितलेला भाव २२ कॅरेटचा की २४ चा, कारण २२ कॅरेटमध्ये सोनं ९१.६ टक्केच असतं, दागिन्यावर ९१६ उमटवतात ते तेच. घडणावळ टक्क्यांत आहे की ग्रॅममागे रुपयांत. घट, म्हणजे घडवताना वाया जाणारं सोनं, वेगळी धरली आहे का. आणि खड्यांचं वजन सोन्यात मोजलंय का. त्यातला दुसरा प्रश्न लोक सोडून देतात, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. घडणावळ टक्क्यांत असली की सोन्याचा भाव चढला की तीही आपोआप चढते. भाव ६०,००० असताना १२ टक्के म्हणजे ७,२००, भाव १ लाख झाला की १२,०००. साखळी तीच, कारागीर तोच, त्याचा वेळही तेवढाच. ग्रॅममागे रुपयांत ठरवलेली घडणावळ अशी पळत नाही. भाव चढता असताना मी ओळखीच्यांना ग्रॅममागच्या दराची चौकशी आवर्जून करायला सांगते. दागिन्याच्या प्रकारावर पुष्कळ अवलंबून असतं हेही खरं, साध्या कड्याची आणि नक्षीच्या ठुशीची घडणावळ सारखी असणार नाही. पण एकाच प्रकारच्या दागिन्याला एका पेढीवर '१० टक्के, सूट नाही' आणि दुसरीकडे '२२ टक्के, त्यावर ५० टक्के सूट' असेल, तर दुसरीकडे ११ पडले. सुटीची पाटी असलेलं दुकान महाग निघालं.

आणखी एक आकडा. सूट न घेता १,१५,३६० ला घेतलेली तीच साखळी उद्या मोडीत घातली तर घडणावळ आणि कर परत मिळत नाहीत, मिळाला तर सोन्याचा भाव मिळतो. सराफाने मोडीवर २ टक्के घट कापली तर ९८,०००. म्हणजे तुमचे पैसे नुसते वसूल व्हायला भाव १७.७ टक्के चढायला हवा. हौस म्हणून दागिना घ्यायला माझी काही हरकत नाही, मीही घेते. 'गुंतवणूक' म्हणून घेणाऱ्यांनी एवढं एकदा कागदावर मांडावं.

टक्के कशावर हे न विचारल्यामुळे मोठी रक्कम कुठे सुटते, तर घराच्या खरेदीत. मुद्रांक शुल्क तुम्ही दिलेल्या किमतीवरच लागतं असं नाही. करारातली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य, म्हणजे रेडी रेकनरने येणारं मूल्य, यातलं जे जास्त असेल त्यावर लागतं. पुणे शहरात ७ टक्के धरा. फ्लॅट ४८ लाखांना ठरला आणि मूल्यांकन ५२ लाख आलं, तर ३,३६,००० नव्हे, ३,६४,००० भरावे लागतात. नोंदणी फी मात्र १ टक्का, पण ३०,००० च्या वर नाही. इथे मर्यादा आपल्या बाजूची आहे. खरेदी एकट्या स्त्रीच्या नावावर असेल तर शुल्कात महाराष्ट्रात १ टक्क्याची सवलत आहे, नवराबायकोच्या संयुक्त नावावर ती मिळत नाही.

हॉटेलच्या बिलाचं एका परिच्छेदात संपवते. १,००० चं जेवण, ५ टक्के जीएसटी, १,०५०. त्यात १० टक्के सेवाशुल्क घातलेलं असेल तर कर १,१०० वर लागून बिल १,१५५ होतं. सेवाशुल्क ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये ते बिलात आपोआप लावू नये असं सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. काढायला सांगा. सेवा आवडली तर वेटरच्या हातात द्या.

उरलं तुमचं कर्ज, आणि यात खरोखर सांभाळायला हवं. शोरूमचे १० टक्के 'फ्लॅट' आहेत. एक लाख, तीन वर्षं, दर वर्षी पूर्ण लाखावर १० टक्के : व्याज ३०,०००. एकूण १,३०,००० भागिले ३६, हप्ता ३,६११. बँकेचे १२ टक्के घटत्या शिलकीवर आहेत, म्हणजे दर महिन्याला जेवढं मुद्दल अजून बाकी आहे तेवढ्यावरच. हप्ता येतो ३,३२१ आणि एकूण भरणा १,१९,५०० च्या थोडा वर. तुम्हाला आलेला अनुभव बरोबर आहे : '१० टक्के' हे '१२ टक्क्यां'पेक्षा दहा हजारांहून जास्त महाग आहेत.

कारण असं. लाख रुपये तुमच्याकडे पूर्ण तीन वर्षं राहतच नाहीत. पहिल्या हप्त्यापासून तुम्ही मुद्दल फेडायला लागता. तीन वर्षांच्या सरासरीने बघितलं तर तुमच्याकडे निम्म्याहून थोडी जास्त रक्कम असते. पण फ्लॅट पद्धतीत शेवटच्या महिन्यातही व्याज पूर्ण लाखावरच मोजलेलं असतं, तेव्हा जेमतेम साडेतीन हजार बाकी असतात तरी. घटत्या शिलकीच्या भाषेत बोलायचं तर शोरूमचे १० टक्के जवळजवळ १८ टक्के आहेत. अंदाजासाठी, एक ते तीन वर्षांच्या कर्जाला फ्लॅट दर १.८ ने गुणा. मुदत पाच वर्षं असेल तर १.७ च्या आसपास.

गावाकडे सावकारीत 'शेकडा दोन रुपये' म्हणतात ते महिन्याचे असतात. वर्षाला २४, आणि व्याजावर व्याज धरलं तर २६.८. क्रेडिट कार्डावर थकबाकी ठेवली तर महिन्याला साडेतीन टक्के किंवा त्याहूनही थोडे जास्त लागू शकतात, साडेतीन धरले तरी वर्षाचे ४२, शिवाय त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. सावकाराला नावं ठेवणारे आपण कार्डाचं 'किमान देय' भरून निवांत बसतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

शोरूममध्ये 'शून्य टक्के हप्ते' असंही सांगतील. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नसते, ते प्रक्रिया शुल्कात वगैरे दडवलेलं असतं. ओळखायची खूण एकच : रोखीने तीच वस्तू कितीला देता? ३०,००० चा फोन सहा हप्त्यांत 'शून्य टक्क्यांनी', महिन्याला ५,०००, आणि रोख दिले तर २८,५००. मग तुम्ही २८,५०० च उसने घेतलेत आणि १,५०० व्याज दिलंत. सहा महिन्यांत हप्त्याहप्त्याने फेडताना याचा वार्षिक दर जवळपास १८ टक्के पडतो. रोखीलाही ३०,००० च असतील आणि वेगळं शुल्क नसेल, तर खुशाल हप्ते घ्या.

बँकेचं कर्जही आंधळेपणाने घेऊ नका. २,५०० रुपये प्रक्रिया शुल्क आणि त्यावर जीएसटी मिळून २,९५० आधीच कापले, तर तुमच्या हातात ९७,०५० येतात आणि हप्ता मात्र पूर्ण लाखाचा जातो. खरा दर १२ चा १४ च्या पुढे सरकतो. म्हणूनच १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तसंस्थांनी किरकोळ कर्जदाराला 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यायचं आहे. त्यात शुल्कासकट सगळं धरून काढलेला वार्षिक दर, एपीआर, लिहिलेला असतो. शोरूममधलं कर्जही बहुधा एखाद्या वित्तसंस्थेचंच असतं, तेव्हा दोन्हीकडे सही करण्याआधी हा कागद मागा आणि दोन एपीआर शेजारी ठेवा. शोरूमवाल्याने टाळाटाळ केली तर त्याच्यासमोरच फोनवर हप्ता गुणिले महिने करा आणि सुरुवातीला कापलेली रक्कम त्यात मिळवा. बँकेच्या बाबतीत हा आकडा, वरचं शुल्क धरूनही, १,२२,५०० च्या आसपास येतो. शोरूमचा १,३०,००० पासून सुरू होतो, आणि त्यात त्याचं शुल्क अजून धरलेलं नाही.